पालकातलं लोह: कागदावर किती, हातात किती?

गेल्या महिन्यात आत्तेबहिणीचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी तो अजून पाहिलाही नव्हता, तोवर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपचार सुरू झाले होते. मावशी म्हणाली, रोज सकाळी पालकाचा रस घे. काका म्हणाले, पालक-पनीर खा, दोन्ही कामं होतील. तिसऱ्या कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. त्यात एक गृहस्थ हातात पालकाची जुडी नाचवत सांगत होते की ही भाजी म्हणजे मूतखड्याला आमंत्रण. शेवटी तिने मला फोन केला. "बाकी काही नको. खाऊ की नको, एवढंच सांग."

एवढंच सांगता येत नाही, कारण तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. शिवाय हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. यातल्या बहुतेकींना कुणी ना कुणी 'पालक खा' असं सांगितलं असणारच.

आधी, हा पालक कुणाचा?

मंडईत आपण जो घेतो, लांबट, गुळगुळीत, जाडसर पानांचा, तो बहुतेक वेळा देशी पालक असतो. शास्त्राच्या दृष्टीने तो बीटाच्या जातीचा. त्याचं कुळनाव बीटाचंच आहे. फक्त बीटाला कंदासाठी वाढवलं आणि याला पानांसाठी. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती', 'पुसा भारती' ही शेतकऱ्यांच्या ओळखीची वाणं या देशी पालकाचीच. एकदा पेरला की तीन-चार कापण्या देतो.

इंग्रजीत ज्याला 'स्पिनच' म्हणतात तो वेगळा. आपल्याकडे त्याला विलायती पालक म्हणतात. तो मूळचा इराणकडचा. सुपरमार्केटात डबीत मिळणारी कोवळी 'बेबी स्पिनच'ची पानं त्याची. दोघे चुलतभाऊ आहेत, गुणांनीही जवळपास सारखे, आणि पुढे ज्या खोडीबद्दल बोलणार आहोत ती दोघांतही आहे. पण इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक वेळा या विलायती भावाचे असतात, त्यामुळे कुठलाही आकडा 'साधारण' म्हणूनच वाचायचा.

स्लिपवरचा आकडा

पगाराच्या स्लिपवर एक मोठा आकडा असतो आणि महिनाअखेर खात्यात येतो तो वेगळाच. मधे कपाती असतात. अन्नाचंही तसंच. पानात जे आहे ते सगळं अंगाला लागत नाही.

आधी स्लिप पाहू. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ९० ग्रॅमच्या वर पाणीच असतं. म्हणून कढईत ढीगभर टाकलेला पालक पाच मिनिटांत वाटीभर होतो. उरलेल्या दहाएक ग्रॅममध्ये लोह अडीच-तीन मिलिग्रॅम, कॅल्शियम ८० ते १०० मिलिग्रॅम, 'क' जीवनसत्त्व २८ मिलिग्रॅमच्या आसपास, फोलेट १४० ते १९० मायक्रोग्रॅम. फोलेट म्हणजे 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व. नव्या पेशी तयार व्हायला लागतं, म्हणून गरोदरपणात त्याचा इतका गाजावाजा असतो. शिवाय 'अ' जीवनसत्त्व तयार करणारं बीटा-कॅरोटीन भरपूर. 'के' जीवनसत्त्व तर दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट.

आता लोहाचं गणित करू. 'आयसीएमआर'च्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाच्या आहारात १९. ते सगळं पालकातूनच घ्यायचं म्हटलं तर बाईला रोज जवळजवळ किलोभर निवडलेला पालक खावा लागेल. याउलट सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे कागदावर दोन किलो पालक. आणि हा सगळा हिशोब कपातीच्या आधीचा.

कपात कोण करतं?

पालकाची भाजी खाल्ल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा. दात कसे तरी खरखरीत लागतात, खडूची पूड चोळल्यासारखे. लहान मुलं या एका कारणासाठी पालक नाकारतात आणि आपण त्यांना नखरे करू नका म्हणतो. मुलं खरंच सांगत असतात. पालकात ऑक्झलेट नावाचं आम्लाच्या घराण्यातलं द्रव्य असतं. लाळेत कॅल्शियम असतं. दोघं तोंडातच एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांचे बारीक कण दातांवर बसतात.

अळू नीट शिजला नाही तर घसा खाजतो, तिथेही हेच कॅल्शियम ऑक्झलेट. फक्त अळूत ते सुईच्या आकाराचं असतं म्हणून टोचतं. पालकात सुया नसतात, पण प्रमाण भारी: १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅमच्या पुढेच, कधी हजारापर्यंत.

तोंडात जे घडतं तेच आतड्यात मोठ्या प्रमाणावर घडतं. कॅल्शियम आणि ऑक्झलेटची गाठ एकदा बसली की आतड्याला ती सोडवता येत नाही, ती तशीच बाहेर जाते. १९८८ साली अमेरिकेत हे मोजून पाहिलं होतं. दुधातलं सुमारे २७ टक्के कॅल्शियम शरीराने घेतलं, पालकातलं फक्त ५ टक्के. म्हणजे स्लिपवर दूध आणि पालक शेजारी-शेजारी, आणि हातात येताना पालकाचे चार-पाच मिलिग्रॅम. हाडांसाठी पालक, हा सल्ला इथेच निकालात निघतो. हाडांसाठी दूध-दही, नाचणी, तीळ बघावेत.

लोहाची कपात जरा गुंतागुंतीची. वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज शोषलं जातच नाही. शाकाहारी जेवणातून जेमतेम दहा टक्के धरा. पालकातून त्याहूनही कमी, कारण पानातली तुरट द्रव्यंही आड येतात. ऑक्झलेटचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण हातात येणारी रक्कम तुटपुंजी, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पण पॉपायचं काय?

पालकाचा डबा फोडून घशात ओतणारा आणि दंड फुगवणारा हा कार्टूनमधला खलाशी १९२९ सालचा. त्याच्याभोवती एक फार गोड गोष्ट फिरते: १८७० च्या सुमारास एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडून दशांश चिन्ह चुकलं, पालकातलं लोह दहापट दिसलं, आणि त्या चुकीतून पॉपाय जन्मला. १९८१ साली एका नावाजलेल्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ही गोष्ट छापली आणि मग ती जगभर गेली. पुढे संशोधकांनी कागदपत्रं उकरली तेव्हा दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावाच सापडेना. त्यातून मजा म्हणजे १९३२ सालच्या मूळ चित्रपट्टीत पॉपाय पालकाचं कौतुक करतो ते 'अ' जीवनसत्त्वासाठी. लोहाचं नावही नाही. खलाशी आपल्यापेक्षा शहाणा निघाला.

म्हणजे पालकाबद्दलचा गैरसमज खोडणारी गोष्टही गैरसमजच. मला तर हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडता भाग वाटतो.

मग पालक खायचाच कशाला?

ज्यात तो खरा श्रीमंत आहे त्यासाठी. फोलेटची प्रौढ स्त्रीची रोजची गरज २२० मायक्रोग्रॅम. एका वेळच्या पालकातून, तो पाण्यात उकळून पाणी फेकलं नसेल तर, तिचा बराचसा हिस्सा भरून निघतो. 'अ' जीवनसत्त्वाची निम्म्याच्या आसपास गरज भागते. डोळ्याच्या पडद्याला उपयोगी पडणारं ल्युटीन पालकात आहे तितकं फार थोड्या भाज्यांत आहे.

यातलं कॅरोटीन आणि ल्युटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. जेवणात थोडं तेल-तूप नसेल तर ती तशीच निघून जातात. 'डाएट' म्हणून बिनतेलाची उकडलेली पानं चघळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: फोडणी ही चैन नाही, इथे ती वाहन आहे.

लोहासाठी एक सोपी युक्ती आहे. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं की वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. पालकात ते असतं, पण शिजवताना बरंचसं जातं. म्हणून ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळायचं. कढईत नाही, ताटात. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. तासाभराचं अंतर ठेवावं. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा पालकापेक्षा चहाबद्दलच जास्त वाद झाला.

पालक-पनीर चूक की बरोबर?

'पनीरमधलं कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून हे कॉम्बिनेशनच चुकीचं,' असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. अर्धं खरं आहे. एका जेवणात कॅल्शियम भरपूर असलं तर लोहाचं शोषण थोडं घटतं. पण ज्या भाजीतून मुळातच चिमूटभर लोह हाती येतं, तिथे त्यातलं थोडं कमी झालं म्हणून हळहळायचं किती?

आणि उरलेलं अर्धं कुणी सांगतच नाही. पनीरमधलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं, त्यामुळे ते रक्तात आणि पुढे मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. म्हणजे लोहाच्या खात्यात किंचित तोटा, मूत्रपिंडाच्या खात्यात फायदा. रक्त कमी असलेल्या माणसाने डाळ-पालक आणि लिंबू खावं, बाकीच्यांनी पनीर खुशाल खावं.

मूतखडा होतो म्हणतात, ते?

बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, त्यामुळे भीती निराधार नाही. पण आठवड्यातून एक-दोनदा भाजी खाणाऱ्या, पुरेसं पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाने घाबरण्याचं कारण नाही. ज्यांना आधी असा खडा झालाय, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावा. खडा झाला म्हणून दूध-दही बंद करणारे खूप भेटतात. ते उलट आहे. जेवणासोबतचं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं.

खरी काळजी रसाची. भाजी म्हणून आपण एका वेळी शंभरेक ग्रॅम पालक खातो. मिक्सरच्या एका फेरीत मूठ-मूठ करत दोनशे-अडीचशे ग्रॅम सहज जातो, कच्चाच, आणि बहुधा रिकाम्या पोटी, ज्यात ऑक्झलेटला धरायला दुसरं काही नसतं. आपल्या रोजच्या सगळ्या आहारातून साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम ऑक्झलेट पोटात जातं. या एका पेल्यातून हजाराच्या वर. असे हिरवे रस सतत पिऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मावशीचा सल्ला तिथेच रद्द झाला.

उकळून पाणी फेकायचं का?

उकळत्या पाण्यात टाकून पाणी फेकलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं. वेगवेगळ्या भाज्यांत ते ३० ते ८७ टक्के घटल्याचं आढळलं आहे. पण त्याच पाण्यातून जवळजवळ निम्मं फोलेट आणि बरंचसं 'क' जीवनसत्त्वही जातं. मूतखड्याचा इतिहास असेल तर फेका. नसेल तर पालक अंगच्याच पाण्यात शिजवा. सरसकट नियम करण्यात अर्थ नाही.

हॉटेलातल्यासारखा हिरवागार रंग हवा असेल तर मात्र उकळत्या पाण्याला पर्याय नाही. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे, आणि त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की तो अणू उठतो आणि रंग शेवाळी-खाकी होतो. कुकरमध्ये हेच होतं: झाकण बंद, पानातलीच आम्लं आत कोंडलेली, आणि वेळ जास्त. म्हणून उघड्या पातेल्यात, भरपूर उकळत्या पाण्यात मिनीट-दीड मिनीट, की लगेच बर्फाच्या पाण्यात. टोमॅटो शेवटी. चिमूटभर सोडा टाकला की रंग टिकतो खरा, पण पानं गिळगिळीत होतात आणि 'क' जीवनसत्त्व मरतं. त्यापेक्षा खाकी भाजी परवडली.

फ्रीजमधली जुडी

पान तोडलं म्हणजे मेलं असं नाही. ते श्वास घेत राहतं. मुळं तुटली, म्हणजे पगार बंद; आता ते साठवलेल्या साखरेवर आणि पाण्यावर दिवस काढतं. थंडीत खर्च कमी, उकाड्यात जास्त. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पिशवीतल्या पालकाचं फोलेट ४ अंश तापमानाला आठ दिवसांत निम्म्याच्या आसपास उतरलं. २० अंशाला तेवढीच घट चार दिवसांत झाली. आपल्या घरात मे महिन्यात ओट्यावर पडलेल्या जुडीचा हिशोब यावरून करावा.

घरी आणल्यावर आधी जुडीची सुतळी किंवा रबर काढा. आवळलेल्या जुडीच्या पोटात हवा खेळत नाही, ओल आणि ऊब साचते. म्हणून बाहेरून टवटवीत दिसणारी जुडी सोडली की आतली पानं काळी, चिकट निघतात. ती आणि पिवळी पानं वेगळी करा, कारण सडकं पान शेजाऱ्याला बिघडवतं. धुऊ नका. धुतलाच तर पंख्याखाली पार कोरडा करा. सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात किंवा पिशवीत ठेवा. वर्तमानपत्रात नको, छपाईची शाई खाद्यपदार्थांना लागू नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते वापरू नका असंच सांगितलं आहे. आणि शेजारी केळी, सफरचंद, टोमॅटो नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

मलूल झालेली पानं गार पाण्यात वीसेक मिनिटं ठेवली की पुन्हा ताठ होतात. पाणी परत येतं, जीवनसत्त्वं नाही.

थंडीत पालक स्वस्त असतो तेव्हा मी तीन-चार जुड्या एकदम उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढते, गार पाण्यात टाकते, पिळून लिंबाएवढे गोळे करते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. कच्चा ठेवला तर पानातली विकरं, म्हणजे पान पिकवणारी-कुजवणारी द्रव्यं, थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्याने ती बंद पडतात.

धुण्याबद्दल एकच: आधी धुवा, मग चिरा. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पानं बुडवा, हलवा, आणि पानं वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच. असं दोन-तीन पाण्यांत. नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या पालकाची भीती मुंबईकरांना नवी नाही, आणि कच्च्या कोशिंबिरीला माझा हात आखडतो तो त्यामुळेच. २००६ साली अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई-कोलाय जिवाणू पसरले होते, २६ राज्यांत दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. नीट शिजवलं की जिवाणूंचा प्रश्न मिटतो.

ताकातला पालक

पराठे, पुऱ्या, डाळ-पालक सगळ्यांना येतात, आणि भजी पोषणासाठी कुणी खात नाही. मला सांगायचंय ते आपल्या पातळ भाजीबद्दल. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे दोन-तीन तास भिजवायचे, चिरलेल्या पालकाबरोबर शिजवायचे, पळीने घोटायचे. ताकात बेसन कालवून त्यात ओतायचं आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही, नाहीतर ताक फुटतं. मीठ, गूळ, आणि वरून लसूण-मेथीदाणे-सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी.

यात रंगाचा आग्रहच नाही. हळद आणि ताकाने ती पिवळसर-शेवाळीच होते. पाणी फेकलेलं नाही, त्यामुळे फोलेट भांड्यातच. ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेट धरतं. ही भाजी खाल्ल्यावर दात फारसे खरखरीत लागत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. कॅरोटीनसाठी फोडणीचं तेल आहेच.

शिळी चालेल? आणि कुणाला चालणार नाही?

पालक पुन्हा गरम केला की विषारी होतो, असं ऐकलं असेल. पालकात नायट्रेट बरंच असतं, आणि भाजी तासन्‌तास ओट्यावर राहिली तर जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते जास्त झालं तर वाईट. म्हणजे दोष गरम करण्याचा नाही, बाहेर ठेवण्याचा. गार होताच फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी दुसऱ्या दिवशी एकदा गरम करून खायला हरकत नाही. अगदी तान्ह्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र पालक नको. त्यांचं रक्त नायट्राइट सोसत नाही.

आणखी एका गटाने लक्ष द्यायचं. हृदयाची कृत्रिम झडप किंवा रक्ताच्या गुठळ्या यांसाठी वॉरफरीन किंवा ॲसेनोकूमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणारे लोक. 'के' जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, ही औषधं त्याच्या विरुद्ध काम करतात आणि पालक 'के'ने भरलेला. बंद करा असं नाही, पण महिनाभर शून्य आणि मग एका आठवड्यात चार वेळा, असं नको. प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

बहिणीला डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि रक्त का कमी झालं ते शोधायला आणखी दोन तपासण्या. पालक ती मंगळवारी आणि शुक्रवारी करते, लिंबू पिळून. चहा अजून जेवणानंतर लगेचच घेते.